दिव्यांगाचा पगार : अर्ज, नकार आणि दाद

अपंगत्व आलेल्या गरीब माणसाला दरमहा रोख आधार देणारी महाराष्ट्रातील मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० साली सुरू झाली. योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची असली तरी कारभार तहसील कचेरीतून चालतो. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील दुधनीच्या माणसाला निराधारचा पगार, म्हणजे हे मासिक अनुदान, सुरू करून घ्यायचे असेल, तर त्याची फाईल अक्कलकोटला तहसीलच्या संजय गांधी शाखेत जाते आणि तालुका समितीच्या बैठकीत मंजूर किंवा नामंजूर होते. त्या फाइलीतला सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र तहसीलच्या हाती नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आरोग्य खात्याचे डॉक्टर देतात. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावरून निघतो. मंजूर झालेले पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. अर्जदार एकच असला तरी त्याला तीन-चार खात्यांची दारे ओलांडावी लागतात. नकार यांपैकी कोणत्याही दारात मिळू शकतो, आणि प्रत्येक नकाराविरुद्ध दाद मागण्याची जागा निराळी आहे. प्रमाणपत्रावर टक्के कमी पडले म्हणून तहसीलदाराकडे तक्रार केली, तर ती निष्फळ ठरते. बँकेत पैसे अडले म्हणून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये खेटे घातले, तरी हाती काही लागत नाही. नकार कोणी दिला आणि कशासाठी दिला, हे लेखी कळल्याशिवाय दाद मागता येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक अर्जदारांना मिळतो तो तोंडी नकार.

रक्कम कधीच मोठी नव्हती. जुलै २०२३ मध्ये ती दरमहा १,५०० रुपये झाली आणि दिव्यांग, विधवा, निराधार अशा सर्व लाभार्थ्यांना सारखीच मिळू लागली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २४ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले. त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांच्या मानधनवाढीची मागणी होती. सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने संजय गांधी आणि पासष्टीनंतरच्या निराधारांसाठीची श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबरपासून २,५०० रुपये करण्यात आली. कायद्यात लिहिलेला फरक प्रत्यक्षात येण्यासाठी उपोषणाची वेळ यावी, ही गोष्ट शासनाला शोभणारी नाही. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे. ती दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. तिचा केंद्राचा वाटा ३०० रुपये असून उरलेली रक्कम राज्य भरते.

दिव्यांग कोणाला म्हणायचे, हे कायदा ठरवतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता, स्नायूंचा क्षय, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता आणि वाचा-भाषा दोष यांचा त्यात नव्याने समावेश झाला. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. मूत्रपिंड निकामी होणे किंवा कर्करोग हे आजार या एकवीस प्रकारांत नाहीत. असा रुग्ण दिव्यांगत्वाच्या शिबिरात रांग लावतो आणि हात हलवत परत येतो. वास्तविक संजय गांधी योजनेत दुर्धर आजाराचा वेगळा गट आहे. कर्करोग, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारामुळे कमावता न येणाऱ्या माणसाला त्या गटातून अर्ज करता येतो आणि त्यासाठी दिव्यांगत्वाचे टक्के लागत नाहीत. ही माहिती अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्रावर किंवा शिबिराच्या टेबलावर कोणी सांगितली, तर कितीतरी माणसांच्या चकरा वाचतील.

प्रमाणपत्राचा अर्ज आता फक्त ऑनलाइन होतो. १ जून २०२१ पासून सर्व राज्यांत हे प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिले जाते. त्याच पोर्टलवरून अठरा अंकी क्रमांकाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. ४० टक्क्यांखालील व्यक्तीला पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० किंवा त्याहून जास्त असल्यास निळे कार्ड, अशी रंगांची विभागणी २०२४ च्या नियमदुरुस्तीत आली. प्रमाणपत्र देण्याची मुदत २०१७ च्या नियमांत एक महिना होती. ती याच दुरुस्तीने तीन महिन्यांवर नेली. दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज आता निष्क्रिय समजला जातो आणि अर्जदाराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. विलंब यंत्रणेचा असला तरी भुर्दंड अर्जदाराला, अशी ही तरतूद आहे आणि ती बदलली पाहिजे.

दुधनीच्या संदर्भात नियमातील एका तरतुदीला फार महत्त्व आहे. नगरपरिषदेचे हे गाव तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. ते सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि आजारपणात बऱ्याचदा कलबुर्गी, असा येथील अनेक कुटुंबांचा व्यवहार आहे. नियमाप्रमाणे अर्ज राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकरणाकडे करता येतो, तसाच तो ज्या सरकारी रुग्णालयात त्या दिव्यांगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत, तेथेही करता येतो. प्रमाणपत्र कोणत्याही राज्यात मिळालेले असले तरी कायद्याने ते देशभर वैध असते. म्हणून कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या दुधनीच्या माणसाने तेथून रीतसर प्रमाणपत्र घेतले, तर ‘हे कर्नाटकाचे आहे, सोलापूरचे आणा’ एवढ्यावरून ते नाकारता येत नाही. जुन्या कायद्याखाली मिळालेली प्रमाणपत्रेही त्यांवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वैध आहेत. मात्र योजनांसाठी यूडीआयडी क्रमांक मागितला जात असल्याने ती पोर्टलवर चढवून घेणे हिताचे ठरते.

प्रमाणपत्रावरून होणाऱ्या तंट्यांत सर्वांत जास्त तंटे टक्क्यांचे असतात. टक्के डॉक्टरांच्या मर्जीने पडतात, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. खरे पाहता टक्के कसे मोजायचे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने ४ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित केली आणि नंतर सुधारली. दृष्टीचे दिव्यांगत्व दोन्ही डोळ्यांवरून आणि चष्मा लावल्यानंतरच्या नजरेवरून मोजतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर तक्त्यात ३० टक्के आहेत. अशा माणसाला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि अपील करूनही मिळणार नाही, कारण येथे मंडळाची चूक नसून नियमच तसा आहे. कमी ऐकू येण्याचे मोजमाप ऑडिओमेट्रीने होते आणि शंका आली तर बेरा तपासणी सांगतात. बौद्धिक दिव्यांगत्वात बुद्ध्यंकाबरोबर रोजचे व्यवहार किती जमतात हेही पाहायचे असते. मानसिक आजारासाठी आयडियाज ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम यांवर तिच्यात गुण देतात. यासाठी रुग्णाला रोज जवळून पाहणारे माणूस तपासणीला बरोबर असणे फार गरजेचे आहे. औषधाने शांत झालेला माणूस डॉक्टरांसमोर दहा मिनिटे नीट बोलतो आणि त्याच्या घरातल्या उरलेल्या तेवीस तासांची नोंद कोठेच होत नाही.

एकाच माणसाला दोन ठिकाणी व्यंग असले की गैरसमज आणखी वाढतो. हाताचे २४ टक्के आणि पायाचे २० टक्के म्हणजे ४४ टक्के, असा हिशेब घरचे लोक करतात. मार्गदर्शक तत्त्वांतील सूत्र वेगळे आहे. मोठा आकडा जसाच्या तसा धरायचा, नव्वदातून तो वजा करायचा, येणाऱ्या बाकीला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. २४ आणि २० ला हे सूत्र लावले तर २० गुणिले ६६ भागिले ९० म्हणजे १४.६७, आणि एकूण ३८.६७. चाळीस पुरे होत नाहीत. ३० आणि २० असते तर ४३.३३ झाले असते. म्हणून प्रमाणपत्रात टक्के कमी वाटले, तर अवयवागणिक किती आकडा धरला हे आधी पाहावे. सूत्र चुकले असेल किंवा एखादे व्यंग मोजायचेच राहिले असेल, तर अपिलात दम असतो. नुसते ‘टक्के वाढवून द्या’ असे लिहिलेल्या अर्जात तो नसतो.

वैद्यकीय प्राधिकरणाला अर्ज नाकारता येतो, पण गुपचूप नाही. नकाराची कारणे अर्जदाराला लेखी कळवण्याचे बंधन नियमांनीच घातले आहे. कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. नकाराची लेखी प्रत, मूळ अर्जाचा क्रमांक, जुने केसपेपर, एक्स-रे किंवा एमआरआय, शस्त्रक्रियेची डिस्चार्ज समरी आणि नव्या तपासणीचा अहवाल एवढे कागद अपिलाला लागतात. मुदत राज्य ठरवते, त्यामुळे नकार हाती पडल्यावर पुढच्या शिबिराची वाट पाहत बसू नये. तात्पुरत्या प्रमाणपत्राचा प्रश्न निराळा आहे. व्यंगात सुधारणा होण्याची शक्यता असेल, तर मंडळ ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देते. मुदत संपल्यावर फेरतपासणी झाली नाही की पगार बंद पडतो, आणि घरच्यांना वाटते की सरकारने नाव कापले. पोलिओने कायमचा लुळा झालेला पाय असताना तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्याविरुद्ध अपील अवश्य करावे. गेल्याच महिन्यात अपघात झालेल्या माणसाने मात्र उपचार संपेपर्यंत थांबणेच योग्य.

मंडळाने कारणे लिहिली पाहिजेत, हे तत्त्व अलीकडे सर्वोच्च न्यायालयानेही ठळकपणे सांगितले आहे. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाचा-भाषा दोषाच्या टक्क्यांवरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला होता. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की नुसता टक्क्यांचा आकडा पाहून अपात्र ठरवता येणार नाही. दिव्यांगत्व शिक्षणाच्या आड येते का आणि येत असेल तर कसे, हे मंडळाने कारणांसह लिहिले पाहिजे. हा खटला पगाराचा नव्हता. तरीही तपासणी मंडळाचे मत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, ते न्यायालयात तपासले जाऊ शकते, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

तहसीलच्या पातळीवरचे नकार प्रकृतीशी नव्हे, कागदांशी जोडलेले असतात. अर्जदाराचे वय १८ ते ६५ हवे. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. इतर गटांना ती २१,००० आहे. पन्नास हजार म्हणजे दिवसाला १३७ रुपये. आडतीवर हमाली करणारा किंवा डाळ मिलमध्ये रोजंदारीवर जाणारा घरात एक जरी असला तरी खरे उत्पन्न याच्या पुढे जाते. ही मर्यादा इतकी खाली आहे, की ती गरिबालाच खोटा दाखला काढायला भाग पाडते, आणि पुढे तोच दाखला त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला चुकीचा निघाला असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. मूळ कागद चुकीचा असताना समितीपुढे वाद घालून उपयोग नसतो.

महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षांचा रहिवास ही दुसरी अट सीमाभागात फार बोचते. आळंद, अफझलपूर, कलबुर्गी या भागांशी दुधनीची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिकडून लग्न होऊन आलेल्या बाईचे शाळेचे कागद कन्नडमध्ये, जन्मनोंद कर्नाटकात, आणि आधारवर नाव माहेरचे किंवा इंग्रजी स्पेलिंग बदललेले असते. अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, त्यामुळे येथेच जन्मलेल्यांच्या दाखल्यांतही अशी तफावत सापडते. रहिवास सिद्ध करायला शिधापत्रिकेतील नोंदीची तारीख, मतदारयादीतील नाव, नगरपरिषदेची घरपट्टी आणि मुलांच्या शाळाप्रवेशाच्या नोंदी कामी येतात. नावातील फरकासाठी आधी आधार आणि बँक खाते एकसारखे करून घ्यावे. फाईल समितीपुढे गेल्यावर ही दुरुस्ती करायला घेतली, की पुढच्या बैठकीपर्यंत थांबणे आलेच, आणि बैठका दर महिन्याला होतीलच असे नाही.

कागदांच्या याच टप्प्यावर तोंडी नकाराचा उपद्रव सर्वांत जास्त होतो. ‘कागद कमी आहे’, ‘साहेब नाहीत’, ‘पुढच्या मीटिंगला बघू’ ही वाक्ये ऐकून माणूस परत जातो आणि सरकारी नोंदीत त्याचा अर्ज कधी आलेलाच नसतो. नोंदच नसेल तर नाकारले काय, हा प्रश्न अपिलात पहिल्याच फटक्यात उभा राहतो. म्हणून अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच देत नसतील, तर तोच अर्ज टपालाने रजिस्टर करून पाठवावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याचा येथे मोठा आधार आहे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला या त्याखाली अधिसूचित सेवा आहेत. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला गेला, तर ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. सबळ कारण असेल तर ते जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत दाखल करून घेतले जाऊ शकते. पुढे दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग आहे. समितीने फाईल नामंजूर केली असेल आणि कारण सांगितले जात नसेल, तर माहितीचा अधिकार वापरून त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. कारण कळल्यावर उणीव दूर करून पुन्हा अर्ज करता येतो, किंवा कारणच चुकीचे असेल तर महसूल यंत्रणेतील वरिष्ठांकडे, म्हणजे प्रांत आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे, दाद मागता येते.

याउलट अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खात्याने अपंगत्वाचा दावा फेटाळला, की त्या पत्रातच कारण, अपिलाची पद्धत आणि ६० दिवसांची मुदत छापलेली असते. तेथेही फेटाळले जाणारे दावे पुष्कळ असतात आणि फेरविचार, न्यायाधीशासमोर सुनावणी, अपील परिषद आणि संघीय न्यायालय अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात. पण पहिली पायरी कोठे आहे हे अर्जदाराला शोधावे लागत नाही. अक्कलकोटच्या अर्जदारालाही नामंजुरीच्या पत्राखाली अशा दोन ओळी छापून देता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

चालू पगार बंद पडणे हा कागदावर नकार नसतो, पण घरात त्याचा परिणाम तोच होतो. आता रक्कम डीबीटीने, म्हणजे थेट लाभार्थ्याच्या खात्यात, जाते. आधार बँक खात्याशी जोडलेले नसेल, खाते बरेच दिवस न वापरल्याने निष्क्रिय झाले असेल, बोटांचे ठसे जुळत नसतील किंवा हयातीचा दाखला राहिला असेल, तर पैसे अडतात. बोटे गळून पडलेल्या कुष्ठमुक्त माणसाला ठशांची सक्ती करणे क्रूरपणाचे आहे. बुबुळ किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे आणि ती मागून घ्यावी. प्रौढ मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असेल आणि त्याच्या वतीने व्यवहार करण्यासाठी कायदेशीर पालक हवा असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

पगार नाकारला गेला तरी प्रमाणपत्राचे बाकीचे लाभ बुडत नाहीत. नगरपरिषदेने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. ती कोणाला कशी दिली, हे दुधनीच्या नगरपरिषदेत कोणत्याही नागरिकाला विचारता येते. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेच्या सवलतीसाठी रेल्वेचे वेगळे ओळखपत्र काढावे लागते. दुधनी स्थानक सोलापूर विभागात येते, तेव्हा चौकशी तेथे करावी.

२०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर वादळ उठले आणि तेव्हापासून प्रमाणपत्रांची फेरपडताळणी वाढली. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पडताळणीची नोटीस आलेला खरा दिव्यांग घाबरून गैरहजर राहिला, तर त्याचाच लाभ जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. थोड्यांच्या लबाडीचा संशय या सगळ्यांवर घेणे हा अन्याय आहे.

या सर्व मार्गांनी काम झाले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. हक्क डावलल्याची चौकशी करताना त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. ते शिफारस करतात, आणि संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कारवाई किंवा शिफारस न मानण्याचे कारण कळवायचे असते. त्यानंतर उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. वकिलाच्या खर्चाची चिंता दिव्यांग व्यक्तीने करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांगाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो. त्याला दिव्यांगत्वाचा कागद, नकाराचे पत्र आणि आतापर्यंत दिलेल्या सर्व अर्जांच्या पोचपावत्या जोडाव्यात.